व्हीलचेअर चढावर ढकलायला किती जोर लागतो? टेप, वजनकाटा आणि एक भागाकार

आमच्या इमारतीच्या दारात तीन पायऱ्या आहेत. आईला व्हीलचेअर लागली तेव्हा सोसायटीने पायऱ्यांच्या बाजूने सिमेंटचा रॅम्प करून दिला. पहिल्याच दिवशी आईला घेऊन चढताना अर्ध्यावर माझे हात थरथरायला लागले आणि खुर्ची वीतभर मागे आली. आईने दोन्ही हातांनी कठडा धरायला बघितलं, पण कठडा होताच कुठे! भाऊ म्हणाला, "ताई, सवय होईल." दोन महिने गेले तरी सवय झाली नाही. आईच मग "आज नको खाली, कंटाळा आलाय" म्हणायला लागली. कंटाळा तिला आला नव्हता, मला दमताना बघून ती तसं म्हणत होती.

शेवटी एका रविवारी टेप घेऊन रॅम्पवर बसले आणि हिशेब मांडला. अर्ध्या तासात कळलं की त्या चढावर ती खुर्ची कुणालाही जड गेली असती. तो आकडा कागदावर घेऊन मी सोसायटीच्या बैठकीत गेले, आणि "रॅम्प फार चढा आहे हो" असं वर्षभर सांगून जे झालं नव्हतं ते त्या एका आकड्याने झालं.

तोच हिशेब इथे पायरीपायरीने देते. दहावीचं गणित विसरला असाल तरी चालेल. भागाकार, गुणाकार आणि एका ठिकाणी वर्गमूळ, एवढंच लागतं. व्हीलचेअरचं उदाहरण घेतलंय, पण पेट्रोल संपलेली स्कूटर, पाण्याच्या ड्रमची हातगाडी, बाळाची गाडी, सगळ्याला हिशेब हाच.

आधी गोष्ट काय आहे ते

चाकावरची वस्तू चढावर एकसारख्या वेगाने ढकलताना आपण दोन गोष्टींशी झगडत असतो. एक, वजनाचा जो भाग तिला उताराकडे ओढतो तो. याला मी 'चढाचा वाटा' म्हणते. दुसरी, टायर दबणं, बेअरिंगचं घासणं, जमिनीचा खडबडीतपणा, म्हणजे सपाटीवरही जो जोर लागतोच तो. हा 'चाकांचा वाटा'.

लागणारा जोर = चढाचा वाटा + चाकांचा वाटा.

जोर मी किलोत मोजणार आहे. शाळेत बल न्यूटनमध्ये शिकवतात आणि ते बरोबरच आहे, पण हाताला किलो कळतो. '१० किलोचा जोर' म्हणजे १० किलोची पिशवी उचलून धरताना हाताला जेवढा ताण येतो तेवढा. न्यूटन हवे असतील तर किलोला ९.८ ने गुणा.

पायरी १ : वजन

खुर्ची आणि माणूस मिळून एकूण वजन हवं. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग खुर्ची घडी करून हातात घेऊन उभं राहा, आणि वजाबाकी करा. आमची लोखंडी घडीची खुर्ची १८ किलो भरली. आईचं वजन डॉक्टरांच्या कागदावर होतं, ५८ किलो. गादी, मागे अडकवलेली पिशवी, पाण्याची बाटली, औषधांचा डबा हे सगळं मिळून ४ किलो. हे चार किलो लोक हमखास विसरतात. एकूण ८० किलो.

माणसाला काट्यावर उभं करता येत नसेल तर खुर्चीत बसवूनच मोजायचं. एका चाकाखाली वजनकाटा ठेवायचा, बाकी तिन्ही चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या किंवा जाड पुस्तकं. आकडा लिहायचा, काटा पुढच्या चाकाखाली. चारही आकड्यांची बेरीज म्हणजे एकूण वजन. यातून आणखी एक माहिती मिळते: पुढच्या छोट्या चाकांवर किती भार आहे आणि मागच्या मोठ्यांवर किती. आमच्याकडे पुढे २४ आणि मागे ५६ किलो आला. हे आकडे जपून ठेवा, पुढे लागणार आहेत.

पायरी २ : चढ

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

चढ म्हणजे किती अंतर गेल्यावर किती उंची वाढते. हे अंतर दोन तऱ्हेने मोजता येतं: जमिनीवर आडवं, किंवा रॅम्पच्या पृष्ठभागावरून तिरकं. बांधकामवाले '१:१२' म्हणतात तेव्हा आडवं अंतर धरतात. आपल्या जोराच्या हिशेबाला मात्र तिरकं अंतर लागतं, आणि आपलं नशीब असं की तेच मोजायला सोपं असतं: रॅम्पवर टेप टाकली की झालं. सौम्य चढावर दोन्हींत फरक नावापुरता. १:१२ ला आडव्या अंतराने ०.०८३३ येतं, तिरक्याने ०.०८३०. चढ १:४ इतका तीव्र असेल तर ०.२५ आणि ०.२४२५, म्हणजे तीन टक्के. पण तिरकं मोजायची सवय ठेवली की विचारच करायला नको.

उंची मोजायला रॅम्पच्या बाजूला पायऱ्या असतील तर पायऱ्यांची उंची मोजून बेरीज करा. आमच्या तीन पायऱ्या १५ सेंटिमीटरच्या, एकूण ४५. पायऱ्या नसतील तर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. एक टोक वर, एक खाली. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते, तिथून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा आणि वजाबाकी करा.

रॅम्पची तिरकी लांबी आली ३.६ मीटर.

०.४५ ÷ ३.६ = ०.१२५. म्हणजे आठात एक.

मोबाइलवर कोन दाखवणारं अॅप वापरणार असाल तर अंश आणि टक्के यांची गल्लत करू नका. ५ अंश म्हणजे ५ टक्के नव्हे, जवळपास ८.७ टक्के. अंश मिळाले तर कॅल्क्युलेटरवर त्याचा साइन काढा, तो आपला आकडा. शाळेतलं 'एमजी साइन थीटा' आठवत असेल तर तो साइन थीटा म्हणजे हाच उंची भागिले तिरकी लांबी.

पायरी ३ : चढाचा वाटा

वजन × चढ.

८० × ०.१२५ = १० किलो.

बस, एवढंच. ८० किलोचा आठवा हिस्सा सतत तुमच्या हातांवर. थांबलात तरी तो कमी होत नाही, कारण चढावर उभी खुर्चीसुद्धा मागे येऊ पाहतेच. दुकानातून १० किलोची पिठाची पिशवी आणताना मध्येच खाली ठेवून दम खाता येतो, इथे तीही सोय नाही.

पायरी ४ : चाकांचा वाटा

पुस्तकांत यासाठी गुणक दिलेले असतात. गुळगुळीत कठीण फरशीवर हवा भरलेल्या चांगल्या चाकांना वजनाच्या एक-दोन टक्के, खडी किंवा गवतावर पाच टक्के आणि त्याहून जास्त, वाळूत तर त्याच्या कितीतरी पट. पण माझं ऐका, गुणक शोधत बसू नका, मोजा. सोपं आहे.

स्प्रिंगचा लटकता काटा घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याला तानकाटा म्हणतात तो. प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल काटाही चालेल असं मला वाटलं होतं, पण माझा काटा आकडा एकदा स्थिर झाला की तिथेच अडकून बसायचा, चालत्या खुर्चीला उपयोगाचा नाही. काटा असलेला, दर्शक हलताना दिसतो असा स्प्रिंगवाला बरा. खुर्चीच्या पुढच्या दोन्ही दांड्यांना दोरी बांधा, दोरीच्या मध्यात काटा अडकवा, आणि सपाट जागी सावकाश, एकाच चालीने ओढा. सुरुवातीचा झटका सोडून द्या, खुर्ची चालायला लागल्यावर जो आकडा दिसतो तो लिहा. मग तेच अंतर उलट दिशेने ओढा. दोन आकड्यांची सरासरी घ्या. उलट दिशेने का, तर 'सपाट' दिसणाऱ्या जमिनीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, डोळ्याला दिसत नाही पण काट्याला दिसतो. आमच्या पार्किंगमध्ये जाताना २ आणि येताना १ किलो आला. सरासरी दीड.

आता बेरीज: १० + १.५ = ११.५ किलो. न्यूटनमध्ये ११३.

चढावर चाकांचा जमिनीवरचा दाब किंचित कमी होतो, त्यामुळे हा दीड किलो केसभर घटतो. रॅम्पच्या चढाला तो फरक सोडून द्यायचा.

पायरी ५ : हा आकडा जास्त की ठीक?

ब्रिटनमधली कामाच्या जागची सुरक्षितता बघणारी सरकारी संस्था, एचएसई, ढकलण्या-ओढण्याच्या कामासाठी ढोबळ मापं देते. गाडी चालू करायला किंवा थांबवायला पुरुषाला २० आणि बाईला १५ किलोपर्यंत. चालती ठेवायला पुरुषाला १० आणि बाईला ७ किलोपर्यंत. याच्या वर गेलं की काम करू नये असं नाही, पण नीट तपासणी केल्याशिवाय करू नये. ही मापं कामगारांसाठी आहेत, रोज व्यायाम न करणाऱ्या पन्नाशीतल्या लेकीसुनांसाठी तर ती आणखी हात आखडून वाचायला हवीत.

माझा आकडा ११.५. सात तर सोडाच, दहाच्याही वर. भाऊ त्या दिवशी कागद बघून गप्प बसला.

त्याच ८० किलोंना आणि त्याच चाकांना वेगवेगळ्या चढांवर काय लागेल ते लिहून काढलं:

वीसात एक : ५.५ किलो
सोळात एक : ६.५ किलो
बारात एक : ८.२ किलो
दहात एक : ९.५ किलो
आठात एक : ११.५ किलो
सहात एक : १४.८ किलो
चारात एक : २१.५ किलो

बारात एक हा आपल्याकडच्या सुगम्यतेच्या नियमांमधला रॅम्पचा निकष आहे, जगात इतरत्रही बऱ्याच ठिकाणी तोच. पण हा आकडा म्हणजे याहून तीव्र करू नका अशी हद्द आहे. बांधणारे मात्र त्याच्यावरच येऊन थांबतात, जागा असली तरी. वर बघा, बारात एकलासुद्धा ८.२ किलो लागतात, बाईच्या ७ किलोच्या मापाच्या वर. जागा असेल तर सोळात एक करून घ्या, मी कळकळीने सांगते.

पायरी ६ : सरासरी फसवते

हिशेब झाल्यावर खरंखोटं बघायचं ठरवलं. आईला बसवून प्रयोग करायचा नव्हता. २५-२५ किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या खुर्चीत आडव्या ठेवल्या, वर १० किलोचं पीठ, सगळं ओढणीने दांड्यांना बांधलं. आईची पिशवी आणि गादी काढून ठेवली, म्हणजे ६० + १८ = ७८, जवळपास तेवढंच. दोरी रॅम्पला समांतर ठेवून काट्याने ओढलं. खालच्या दोन मीटरवर काटा ११ च्या आसपास. वर जाऊ लागले तसा काटा १३ वर गेला.

मग कळलं. गवंड्याने वरच्या टोकाला दाराच्या फरशीशी तोंड मिळवताना शेवटच्या मीटरभरात उंची भरून काढली होती. तिथे टेप लावली तर एका मीटरमध्ये १५ सेंटिमीटर चढ. ८० × ०.१५ = १२, अधिक दीड, १३.५ किलो. अंग दमलेलं असतं तिथेच सगळ्यात चढा भाग. माझे हात नेमके तिथेच कापायचे.

म्हणून रॅम्पची एकच सरासरी काढून थांबू नका. मीटरभर लांबीची सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ घ्या. फळीचं एक टोक रॅम्पवर टेकवा, खालचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला, आणि त्या टोकाखाली किती फट राहिली ते मोजा. १२ सेंटिमीटर फट म्हणजे शंभरात बारा. दर मीटरला असं करा. (हे आडवं अंतर झालं, पण इथे तेवढा फरक सोडून द्या.) जोर काढायचा तो सगळ्यात चढ्या जागेचा.

पायरी ७ : सुरुवातीचा उंबरा

हे कुणी सांगत नाही आणि त्रास सगळ्यात जास्त याचाच होतो.

आमच्या रॅम्पच्या पायथ्याशी पेव्हर ब्लॉक आहेत. पावसाळ्यानंतर ब्लॉक खचले आणि रॅम्पच्या तोंडाशी २ सेंटिमीटरचा उंबरा तयार झाला. बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी. पण त्यावर खुर्ची अशी अडायची की आईचं अंग पुढे हिसका खायचं.

याचा हिशेब असा. पुढच्या चाकाची त्रिज्या १० सेंटिमीटर. उंबरा २. म्हणजे चाकाचा मध्य उंबऱ्याच्या कडेपेक्षा १० − २ = ८ सेंटिमीटर वर. पायथागोरसचा काटकोन त्रिकोण मांडा: कर्ण १०, एक बाजू ८, तर दुसरी बाजू १०० वजा ६४ चं वर्गमूळ, म्हणजे ६. आता ६ ÷ ८ = ०.७५. पुढच्या चाकांवरचा भार २४ किलो. २४ × ०.७५ = १८ किलो!

पुढची चाकं चढली की मागची मोठी चाकं येतात. त्रिज्या ३०, मध्य २८ वर, तिसरी बाजू ९०० वजा ७८४ चं वर्गमूळ, सुमारे १०.८. भागाकार ०.३८५. भार ५६ किलो. जोर २१.५ किलो.

मोठ्या चाकाला गुणक निम्मा लागला, पण भार दुपटीहून जास्त असल्याने आकडा वाढलाच. प्रत्यक्षात रबर थोडं दबतं, खुर्चीला थोडा वेग असतो, म्हणून एवढा लागत नाही. तरीसुद्धा दोन सेंटिमीटरचा उंबरा अख्ख्या रॅम्पपेक्षा जड जाऊ शकतो, ही गोष्ट मला हिशेब करेपर्यंत पटली नसती. यावर उपाय अर्धं घमेलं सिमेंट आणि थापी. सोसायटीच्या मंजुरीचीही वाट बघू नका.

धावत येऊन चढवलं तर?

भाचा असंच करायचा. लांबून पळत यायचा आणि झोकात चढवायचा. आई डोळे मिटून घ्यायची.

वेगाने किती उंची 'फुकट' मिळते ते काढता येतं: वेगाचा वर्ग भागिले १९.६. वेग मीटर प्रति सेकंदात. साध्या चालीच्या, सेकंदाला एक मीटर, वेगाने आलात तर १ ÷ १९.६, म्हणजे ५ सेंटिमीटर. ४५ सेंटिमीटरच्या चढातले पाच. बाकी चाळीस तुमच्या हातांनीच चढायचे. आणि तो वेग उंबऱ्यावर आपटला तर खुर्चीतला माणूस पुढे फेकला जातो. त्या पाच सेंटिमीटरपायी ही जोखीम कशाला?

उभ्या खुर्चीला चढावरच पुन्हा हलवायचं असेल तर मात्र थोडा जादा जोर धरा. दोन सेकंदांत सावकाश चालीवर आणायला ८० किलोला साधारण अडीच किलो जास्त. म्हणजे आमच्या जुन्या रॅम्पवर मध्येच थांबून निघायला १४ किलो. याच कारणाने थांबायचं असेल तर सपाट टप्प्यावर थांबावं, चढावर नाही.

पायरी ८ : हात आणि पाय

आतापर्यंतचा जोर रॅम्पला समांतर धरला. पण खुर्चीच्या मुठी कमरेच्या उंचीवर असतात आणि उंच माणूस त्या खाली दाबत ढकलतो. हाताचा रोख ३० अंश खाली असेल तर जोराचे ८७ टक्केच पुढे जातात. ११.५ ला ०.८७ ने भागा, १३.२ येतं, आणि उरलेला जोर चाकांना जमिनीवर दाबतो, तो वेगळाच. म्हणून कोपरं वाकवा, अंग पुढे झुकवा, मुठींच्या मागे या, वरून नको. भाजीची हातगाडी चढावर नेणारे काका बघा: डोकं जवळजवळ गाडीच्या दांडीला टेकलेलं असतं.

मग पायांचं. खुर्चीला जेवढा जोर लावता तेवढाच तुमचे तळवे जमिनीला मागे लावतात, शिवाय तुमचं स्वतःचं वजनही चढावर चढतंय. मी ६० किलोची. आठात एकच्या चढावर माझ्या वजनाचा वाटा ७.५ किलो, खुर्चीचा ११.५, मिळून १९ किलोचा भार चपलेच्या तळाशी. १९ ÷ ६० म्हणजे सुमारे ०.३२. एवढी पकड जमिनीने दिली नाही तर पाय सटकणार. कोरड्या खरखरीत कोब्यावर ती सहज मिळते. ओल्या पॉलिश ग्रॅनाइटवर किंवा कडाप्प्यावर मिळेलच असं नाही. दिसायला छान म्हणून रॅम्पला चकचकीत फरशी लावायची टूम निघाली आहे, ती हाणून पाडा. आडव्या खाचा पाडलेलं सिमेंट किंवा खडबडीत शहाबादी बरी. आणि चप्पल नको, मागे पट्टा असलेलं पायताण घाला.

उतरताना

उतरताना चाकांचा वाटा तुमच्या बाजूने असतो, म्हणून तो वजा करा: १० − १.५ = ८.५ किलो धरून ठेवायचे. तीव्र रॅम्पवर तुम्ही खालच्या बाजूला, पाठ उताराकडे, आणि खुर्ची उलटी, अशी सावकाश उतरवा. खुर्ची सरळ ठेवून उतरवलीत तर बसलेला माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार फक्त तुमच्या पंज्यांच्या पकडीवर राहतो. मागे बघत एकेक पाऊल टाका, रॅम्पच्या कडेला कुणाला तरी उभं करा. खुर्चीचे ब्रेक उभी असताना लावायचे असतात, चालती खुर्ची आवरायला नाहीत.

हाच हिशेब दुसरीकडे

बेसमेंटमधून बंद पडलेली स्कूटर वर काढायची आहे. गाडी ११० किलो, चढ आठात एक. १३.७५ अधिक चाकांचे दोनेक किलो, पावणेसोळा-सोळा किलो. त्यावर बसून मागून कुणी ढकलत असेल तर तुमच्या वजनाचाही आठवा हिस्सा त्याच्या माथी. उतरा.

पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम आणि ६० किलोची हातगाडी, २६० किलो. रस्ता पंधरात एक चढा. १७.३ किलो चढाचे. रस्ता खडबडीत, तीन टक्के धरले तर ७.८ चाकांचे. २५ किलो. एकट्याचं काम नाही. हमाल अशा वेळी गाडी नागमोडी नेतात. ४५ अंशात आडवं गेलं की त्या वाटेचा चढ सुमारे ०.७ पट होतो. अंतर वाढतं, एकूण कष्ट कमी होत नाहीत, पण एका क्षणी हातांवरचा भार कमी होतो, आणि माणूस अडतो तो त्या क्षणीच्या भाराला.

माथेरानला गेला असाल तर तांबड्या मातीच्या वाटेवर एकजण पुढे, एक-दोघं मागे लागून चालवायच्या हातरिक्षा पाहिल्या असतील. रिक्षा आणि प्रवासी मिळून १६० किलो धरा, चढ दहात एक, मातीचे चार टक्के. १६ अधिक ६.४, साडेबावीस किलो, आणि ओढणाऱ्यांनी आपापलं अंगही वर न्यायचं ते वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा हाच गुणाकार करून पाहिला होता.

आणि बोरघाट. कर्जतहून वर येताना गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात ती का, तेही यातच आहे. तिथला चढ ३७ मध्ये १. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाचा वाटा वजनाच्या हजारात दोनच्या आसपास, इतका थोडा. ३७ मध्ये १ म्हणजे हजारात २७. सपाटीवर जी गाडी एक इंजिन सहज ओढतं तिला घाटात दहापटीहून जास्त जोर लागतो.

आमच्या रॅम्पचं काय झालं

जागा नाही असं सगळे म्हणत होते. पण रॅम्प सरळच असला पाहिजे असं कुठे आहे? ३.६ मीटरच्या जुन्या रॅम्पऐवजी तेवढ्याच लांबीचे दोन, मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा आणि तिथे वळण. उंची तीच ४५, लांबी दुप्पट, ७.२ मीटर. सोळात एक. दोन्ही बाजूंना कठडे. गेल्या मे महिन्यात काम झालं. सिमेंट वाळल्यावर पुन्हा तांदळाच्या पिशव्या, पुन्हा काटा. साडेसहा ते सात. वरच्या तोंडाशीसुद्धा सातच, कारण या वेळी गवंड्याच्या शेजारी मी फळी आणि पाणसळ घेऊन उभी होते.

स्प्रिंगचा काटा दाराच्या मागे खिळ्याला लटकवून ठेवला आहे. दोन महिन्यांनी एकदा पार्किंगमध्ये रिकामी खुर्ची तीच दोरी लावून ओढून बघते आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते. तो वाढला की आधी मागच्या टायरची हवा बघायची. हवा ठीक असेल तर पुढची छोटी चाकं उलटी करून त्यांच्या आसाजवळ बघायचं: तिथे केस आणि साडीचे दोरे गुंडाळून घट्ट बसलेले असतात. नेलकटरने कापून चिमट्याने ओढून काढायचे, थेंबभर शिवणयंत्राचं तेल सोडायचं. मागच्या खेपेला असा जवळपास मूठभर गुंता निघाला.